गंजलेला बोल्ट आणि बंद पेटी

आपल्याकडे इतिहास लिहिला जातो तो सभांचा, ठरावांचा आणि सत्याग्रहांचा. तो लिहिलाच पाहिजे. परंतु ज्या हातांनी त्या सभा उभ्या केल्या, ते हात दिवसभर काय करीत होते, कोणती हत्यारे त्यांच्यापर्यंत पोचत होती आणि कोणती पोचू दिली जात नव्हती, याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. हत्यारांनाही इतिहास असतो आणि हत्यारांवर कोणाचा ताबा आहे, यालाही इतिहास असतो. या लेखात मी अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या एका कामाचा इतिहास मांडणार आहे. गंजून बसलेला किंवा आत तुटलेला बोल्ट काढणे, एवढेच ते काम. वाचकांना हा विषय या पानांवर परका वाटेल. शेवटपर्यंत वाचल्यावर तसा वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

मी विद्वान नाही. रेल्वेच्या एका कारखान्यात फिटर म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली. माझे आजोबा आणि वडील दोघेही मनमाडच्या बाजूला लाइनीवर गँगमन होते. आजोबांच्या काळी ती जी.आय.पी. रेल्वे होती, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती मध्य रेल्वे झाली. नाव बदलले, गँगमनची पहार बदलली नाही. तीन पिढ्यांत मिळून आम्ही किती बोल्ट सैल केले आणि किती आवळले, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. म्हणून निदान त्या कामाची रीत आणि त्यामागचे राजकारण कागदावर यावे, एवढाच हेतू आहे.

प्रथम रुळाकडे पाहू. दोन रूळ जिथे एकमेकांना भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून बोल्टांनी आवळतात. या पट्टीला फिशप्लेट म्हणतात. विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स या इंग्रज अभियंत्याच्या नावावर तिचे १८४७ चे पेटंट आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढे लोहमार्ग घाट चढून देशावर पसरला. पुढच्या काळात आमच्याकडच्या रुंद मार्गावर १३ मीटर लांबीचे रूळ रूढ होते. एका किलोमीटरला दोन्ही बाजू धरून सुमारे १५४ सांधे येतात. दर सांध्याला चार बोल्ट, म्हणजे किलोमीटरला सहाशेच्या वर बोल्ट. पाच किलोमीटरचा टापू सांभाळणाऱ्या गँगच्या अंगावर तीन हजार बोल्टांची जबाबदारी असे. प्रवाशाला गाडीत जो खडखड आवाज ऐकू येई तो या सांध्यांचा. त्या आवाजावर कवींनी लिहिले. सांध्याजवळ पाना घेऊन बसलेल्या माणसावर फारच थोड्यांनी लिहिले.

दोन रुळांच्या मध्ये बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते. लोखंड उन्हात वाढते. १३ मीटरचा रूळ ४० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा लागते आणि सरकायचे तर फिशप्लेटच्या आत तो मोकळा लागतो. सांधा गंजून घट्ट बसला की रूळ सरकत नाही. वैशाखात तो बाजूला फुगतो, रस्ता वाकडा होतो आणि गाडी घसरते. थंडीत तो आखडतो आणि बोल्टावर असा ताण येतो की बोल्ट तुटतो. म्हणून साऱ्या सांध्यांना वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळा लागण्याच्या आत, उघडून तेल द्यायची पद्धत पडली. फिशप्लेट उतरवायची, तारेच्या ब्रशने घासायची, तडा गेला आहे का ते बारकाईने पाहायचे, ग्रॅफाइट आणि रॉकेलचा लगदा लावायचा, बोल्टांना काळे तेल द्यायचे आणि पुन्हा आवळायचे. हे सारे दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. पुस्तकात हे काम चार ओळींत आटोपते. लाइनीवर ते ऑक्टोबर ते फेब्रुवारी पुरते.

या कामात खरी कसोटी लागते ती न हलणाऱ्या बोल्टापाशी. बोल्ट का धरतो हे समजून घेतले पाहिजे, कारण कारण न समजता केलेली जबरदस्ती फुकट जाते. बोल्टाचे आटे आणि चाकीचे आटे यांच्यामध्ये केसाएवढी पोकळी असते. पावसाचे पाणी तिथे शिरते. लोखंडाचा गंज होतो तेव्हा त्याचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक होते. केसाएवढ्या पोकळीत दुप्पट फुगलेला माल कोंबला गेला की चाकी आणि बोल्ट जणू एकच तुकडा होतात. गंज नुसता लोखंड खात नाही; तो आतून पाचर ठोकतो.

माझे वडील शाळेत गेले नव्हते. आकारमान हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. परंतु ते म्हणत, "आत भरलंय त्याला आधी वाट दे, मग जोर लाव." त्यांची रीत अशी. आदल्या दिवशी संध्याकाळी चाकीवर रॉकेल सोडायचे आणि रात्रभर मुरू द्यायचे. सकाळी चाकीच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूने लहान हातोड्याने ठोके द्यायचे. त्या हादऱ्याने गंजाची पापडी फुटते आणि रॉकेल आत उतरते. त्यानंतर पाना लावला की प्रथम सैल करायचे नाही. प्रथम किंचित आवळायचे, केसभर. आवळताना गंजाचा कण तुटतो, मग उलटे फिरवायचे. पुन्हा थोडे आवळायचे, पुन्हा सोडायचे. पुढे-मागे, पुढे-मागे. घाईने एकाच दिशेला ताण दिला तर बोल्ट पिळवटून तुटतो आणि एक काम होते त्याची चार होतात. एवढे करूनही नाही सुटला तर छिन्नी आणि घण. एकाने छिन्नी धरायची, दुसऱ्याने घण मारायचा, चाकी उभी चिरायची आणि बोल्ट भंगारात टाकायचा. छिन्नी धरणाऱ्याची बोटे घण मारणाऱ्याच्या नेमावर अवलंबून असत. आमच्या वस्तीत डाव्या हाताचे एखादे बोट वाकडे असलेले म्हातारे बरेच होते. लहानपणी मला वाटे, म्हातारपणी बोट वाकडे होतेच.

आता हे ज्ञान आहे की नाही? लाइनीवरच्या साहेबाच्या लेखी ते ज्ञान नव्हते, ती अंगमेहनत होती. गँगमन अकुशल कामगारांत धरला जाई. रॉकेल किती वेळ मुरू द्यायचे, ठोका कुठे द्यायचा, कोणता बोल्ट सुटेल आणि कोणता चिरावा लागेल, हे सारे अकुशल! कौशल्य कोणत्या कामात आहे हे काम पाहून ठरत नाही, ते करणारा कोण आहे हे पाहून ठरते, हा धडा मी शाळेत जाण्याआधी लाइनीवर शिकलो. आणि माझी आजी? ती ठेकेदाराकडे रुळाखालची खडी फोडी. तिचे नाव अकुशलांच्या यादीतही नव्हते, कारण रेल्वेच्या कोणत्याच यादीत ते नव्हते.

बोल्टाचा स्वतःचा इतिहासही आपल्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. यंत्रयुगाच्या सुरुवातीला प्रत्येक बोल्ट आणि त्याची चाकी ही एक स्वतंत्र जोडी असे. या कारागिराची चाकी त्या कारागिराच्या बोल्टाला बसत नसे. यंत्र उघडताना कोणती चाकी कोणाची, याच्या खुणा कराव्या लागत. लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेने १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचे अचूक लेथ सिद्ध केले. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच मोजमाप सुचवले. आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन मांडला. दोन देशांचे आटे जुळेनात. दुसऱ्या महायुद्धात त्याची चांगलीच झळ बसली आणि १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी एका समान आट्यावर सही केली. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, पण इंग्रजांच्या जुन्या यंत्रांत व्हिटवर्थचे आटे पुढे कित्येक वर्षे राहिले. व्हिटवर्थच्या चाकीला मेट्रिक पाना लावला की तो थोडा ढिला बसतो, चाकीचे कोपरे झिजतात आणि ती गोल होते. आमच्या कारखान्यात निम्मे बोल्ट गंजाने नव्हे, चुकीच्या पान्याने बिघडत.

ही प्रमाणीकरणाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. कोणतीही चाकी कोणत्याही बोल्टाला बसावी, एवढ्या विचारावर आधुनिक कारखानदारी उभी राहिली. इंग्रजांनी हा विचार इथे लोखंडासोबत आणला. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांनी जुनीच खुणांची पद्धत चालू ठेवली. वरच्या जागा युरोपियनांना आणि अँग्लो-इंडियनांना, कारकुनी वरच्या जातींना, हत्याराची कामे ज्यांच्या ओळखी होत्या त्यांना आणि लाइनीवरची पहार आम्हांला. बोल्ट सुटे आणि बदलता येण्याजोगे झाले. माणसे जोडीच्या खुणेत अडकूनच राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिभेदाचे निर्मूलन' या निबंधात दाखवून दिले की, जात नुसती कामे वाटून देत नाही. ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते आणि खालीवर रचते. रेल्वे हे त्याचे लोखंडी उदाहरण होते.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. माझे आजोबा त्या परिषदेला रात्रपाळी करून गेले होते, असे घरात सांगत. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही मांडणी त्याच परिषदेतली. ती आपण सर्वांनी वाचलेली आहे. व्यासपीठांवर ती वारंवार सांगितली जाते. परंतु त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या कामांची जी फोड केली, तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि बहुधा गँगमन म्हणूनच संपतो, हे त्यांनी सांगितले. त्याला पोर्टर का होता येत नाही, तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि तिथे विटाळ आडवा येतो, हे त्यांनी सांगितले. रेल्वेच्या कारखान्यांतही यांत्रिक कामाच्या जागा त्याला बंद आहेत, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे ब्राह्मणशाही हा शब्द त्यांनी हवेत उच्चारला नव्हता. कोणत्या दारावर कोणते कुलूप आहे, हे एकेक दाखवून तो उच्चारला होता.

इथे दहा वर्षे मागे जाऊन मुंबईच्या गिरण्यांकडे पाहिले पाहिजे. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती आणि ते खाते अस्पृश्यांना बंद होते. कारण सांगत ते असे की, धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा विणकर तोंडाने ओढून घेतो. अस्पृश्याच्या थुंकीचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि संपाच्या मागण्यांत त्याला जागा द्यायला लावली. तोंडाने धागा ओढण्याची रीत मुळातच रोग पसरवणारी होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच तिच्यावर बंदी घातली होती. तिथे धोटा बदलला. इथे धोटा तसाच राहिला आणि माणूस बाहेर ठेवला गेला.

आता माझा मुद्दा असा. गिरणीत थुंकीचे निमित्त होते. बोल्टाला कोणते निमित्त होते? बोल्ट कोणी तोंडात धरीत नाही. पान्याला विटाळ होत नाही. लोखंड सर्वांच्या हाताला सारखेच काळे करते. तरीही रेल्वेच्या कारखान्याचे दार बंद होते. यावरून काय सिद्ध होते? विटाळ हे वरचे झाकण होते. आत जपलेली वस्तू वेगळी होती. ती होती अधिक मजुरी आणि ती मिळवून देणारी विद्या. जिथे विटाळाचे कारण सांगता येई तिथे ते सांगितले गेले, जिथे सांगता येईना तिथे कारण न सांगताच दार लावून घेतले गेले. जातीला केवळ मनाचा रोग समजणाऱ्या आमच्या सुधारक मित्रांनी, आणि जातीला केवळ वरचा डोलारा समजणाऱ्या आमच्या डाव्या मित्रांनी, दोघांनीही या बोल्टाशी थोडा वेळ बसावे.

बाबासाहेबांनी दार ठोठावणे सोडले नाही. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात नोकऱ्यांबरोबर तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. सरकारी कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, असा आग्रह होता. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा ठेवल्या गेल्या. पुढे १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना येऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याची तरतूद १९७३ च्या दुरुस्तीने आली. १९३८ चे मनमाड आणि १९७३ ची दुरुस्ती यांच्यामध्ये ३५ वर्षे आहेत. एका गँगमनची सारी नोकरी त्यात संपते. माझ्या वडिलांची जवळजवळ संपलीच.

मी त्या उघडलेल्या दारातून आत गेलो. कारखान्याचे नाव लिहीत नाही. नावाने काही फरक पडत नाही. पाण्याचा माठ सर्वांना खुला होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. महाडला १९२७ मध्ये जे मागितले ते इथे पन्नास वर्षांनी विनातक्रार मिळत होते. बंद होती ती हत्यारांची पेटी. ज्या मिस्त्रीच्या हाताखाली मला दिले, तो मला कधी वाईट बोलला नाही. "घण मार," "पाना धर," "चिंध्या आण," एवढेच तो म्हणे. घण मारायला माझे खांदे त्याला चालत. ड्रिल धरायला माझे हात चालत नसत. माझ्याबरोबर लागलेला त्याच्या ओळखीचा मुलगा चौथ्या महिन्यात ड्रिलवर होता. मी अकराव्या महिन्यातही घणावर होतो. कागदोपत्री आम्ही दोघेही फिटरचे शिकाऊ उमेदवार. तक्रार कशाची करणार? काम न शिकवणे हा कोणत्या कलमाखाली गुन्हा होतो?

तेव्हा मी डोळ्यांनी चोरी करायची ठरवली. तुटलेला स्टड काढण्याचे काम आले की घण टेकवून मी पाहत उभा राहायचो. आत तुटलेला स्टड हे फिटरच्या विद्येचे शेवटचे पुस्तक आहे. बाहेर धरायला काही उरलेले नसते. प्रथम तुटलेले तोंड कानशीने सपाट करायचे. मग नेमका मध्य काढून सेंटर पंचाने खूण करायची. मध्य चुकला की ड्रिल बाजूला घसरते आणि बॉडीचे आटे खाऊन टाकते. मग आधी बारीक, मग थोडे जाड असे भोक पाडायचे. त्यात ईझी-आऊट बसवायचा. ही निमुळती, उलट्या आट्यांची कडक पोलादी काडी असते. उलटी फिरवली की ती आत रुतत जाते आणि स्टडला आपल्यासोबत उलटे फिरवून बाहेर आणते. परंतु जोर अधिक लावला तर ईझी-आऊटच आत तुटतो. तो इतका कडक असतो की मग साधे ड्रिल त्याला लागत नाही. चूक दुरुस्त करणारे हत्यार स्वतःच सर्वांत मोठी चूक होऊन बसते. स्टड थोडा वर असेल तर त्याच्यावर एक चाकी ठेवून आतून वेल्डिंग करायचे. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि वर धरायला नवी मुंडी मिळते. काहीच नाही जमले तर आट्यांच्या मुळापर्यंत भोक मोठे करायचे, उरलेली आट्यांची जाळी टोच्याने उपसायची आणि टॅप फिरवून आटे साफ करायचे.

एके दिवशी एका यंत्रात मिस्त्रीचा ईझी-आऊट तुटला. वर काही उरले नव्हते, साहेब उभा होता. मी म्हटले, "मिस्त्री, आधी तापवू या, थोडं आवळायच्या बाजूला हलवू या." त्याने माझ्याकडे पाहिले. ईझी-आऊट तुटला होता तरी त्याचा तुकडा थोडा सैल होता. तो टोच्याने उपसून काढायला मला दोन तास लागले. मग भोवतालची बॉडी गॅसने तापवली, थंड होऊ दिली, रॉकेल सोडले, पुन्हा तापवली. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याने चाकी डकवून दिली. मी पाना लावला आणि वडिलांप्रमाणे प्रथम केसभर आवळण्याच्या बाजूला दिला. मग स्टड फिरला. साहेबाने मिस्त्रीला शाबासकी दिली. मिस्त्रीने ती घेतली. परंतु त्या दिवसानंतर पेटीची किल्ली तो माझ्यासमोर लपवीत नसे. मी याला हृदयपरिवर्तन म्हणत नाही. त्याला माझी गरज पडली, एवढेच त्यातले सत्य. जी विद्या मी तिथे वापरली ती कारखान्याने दिली नव्हती. अकुशल ठरवलेल्या गँगमनची ती होती, हे मात्र सांगितले पाहिजे.

वाफेच्या इंजिनात एक युक्ती असे, तिचा उल्लेख करतो. भट्टीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांना धरून ठेवणारे शेकडो स्टे बोल्ट बॉयलरमध्ये असतात. त्यातला एखादा आत तुटला तर बाहेरून दिसत नाही आणि असे अनेक तुटले तर बॉयलर फुटतो. म्हणून स्टेच्या बाहेरच्या टोकातून एक बारीक आंधळे भोक पाडून ठेवीत. स्टे तिथे तुटला की त्या भोकातून वाफ बाहेर येई आणि फुसफुस आवाज होई. तूट लपून राहत नसे. मनमाडचे भाषण हे रेल्वेच्या जातीय रचनेत पाडलेले असेच एक भोक होते. तोवर जे आत होते ते बाहेर ऐकू आले. अशी भोके पाडत राहणे, हे आपल्या नियतकालिकांचे आणि आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

जात ही गंजलेल्या बोल्टासारखी आहे, रॉकेल सोडा, सबुरीने पुढे-मागे करा, सुटेल, असे म्हणण्याचा मोह या टप्प्यावर होईल. मी तो टाळतो. उपमा कितपत चालते हे पाहिले पाहिजे. बोल्टाला धरून ठेवण्यात गंजाचा काही फायदा नसतो. गंजाला पगार मिळत नाही, बढती मिळत नाही, त्याच्या मुलाला नोकरी लागत नाही. जात धरून ठेवणाऱ्यांना हे सारे मिळते. म्हणून बोल्टाला लागते ती सबुरी जातीला पुरत नाही. तिथे पेटीची किल्ली मागावी लागते आणि संघटित होऊन मागावी लागते. बोल्टाकडून शिकायचे ते एवढेच की, जोर लावण्याआधी पकड नेमकी कुठे आहे हे शोधावे. बाबासाहेबांनी मनमाडला तेच केले होते.

आज लाइनीवर वेल्डिंगने जोडलेले लांब रूळ आले आहेत आणि सांधे पुष्कळ कमी झाले आहेत. गँगमनला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव इंग्रजी आणि भारदस्त झाले. गाडीखाली सापडून मरणे थांबलेले नाही. कितीतरी कामे ठेकेदाराकडे गेली आहेत आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर ८⅓ टक्केही नसतात. माझ्या आजीच्या वेळी जे खडी फोडणाऱ्या बाईचे होते, ते आता अनेकांचे झाले आहे. यादीबाहेरचा कामगार पुन्हा वाढतो आहे.

आपल्याही घरात डोकवावे. हातात डिग्री आली की हातातल्या हत्याराची आपल्याला लाज वाटू लागली आहे. वडिलांनी पहार धरली हे मुलगा मुलाखतीत सांगत नाही. गावकीच्या सक्तीच्या कामांचा त्याग करा, हा बाबासाहेबांचा आदेश होता आणि तो योग्यच होता. परंतु यंत्राची विद्या ही गावकी नव्हे. ती आपल्यापासून दडवून ठेवलेली मत्ता होती. जी मिळवण्यासाठी ३५ वर्षे दार ठोठावले, ती मिळाल्यावर तिच्याकडे पाठ फिरवणे म्हणजे मिस्त्रीच्या पेटीला आपल्याच हाताने कुलूप घालणे होय.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपापल्या वस्तीत अजून जुने गँगमन, खलाशी, बॉयलरवाले, गिरणीतले जॉबर आणि साचेवाले आहेत. वर्षागणिक ते कमी होत आहेत. त्यांच्याकडे जा आणि तीन प्रश्न विचारा. तुम्हांला कोणते हत्यार हातात धरू दिले नाही? पेटीची किल्ली कोणाकडे होती? आणि तुम्ही काम कोणाकडून, कसे शिकलात? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आपल्या इतिहासाचा मोठा भाग त्या उत्तरांत आहे.

माझ्या वडिलांचा लांब दांड्याचा पाना माझ्याकडे आहे. तो रेल्वेचा होता; निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो परत केला नाही. एवढी एकच वस्तू त्यांनी नोकरीतून उचलून आणली. मी त्याला चोरी म्हणत नाही.